निळ्या दोऱ्याची गाठ

रणपिसे बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी पोत्याकडे पाहिलं. मी गल्ल्यावर बसलो होतो, "या बाई, बसा" म्हणालो, पंखा त्यांच्याकडे वळवला. त्या म्हणाल्या, "पोतं उघडा."

पहाडगंजमध्ये माझं दुकान आहे. मी साताऱ्याकडचा. दिल्लीत आलो तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. हॉटेलांना साबण पुरवला, मग चहाची भुकटी, मग इथल्या मराठी घरांना गोडा मसाला, पोह्याचे पापड, हिंग. कच्ची कॉफी, म्हणजे न भाजलेले हिरवे दाणे, मी सगळ्यात शेवटी आणायला लागलो. घरच्या घरी कॉफी भाजणारी माणसं दिल्लीत वाढली होती आणि त्यांना किलो-दोन किलो दाणे द्यायला मोठे व्यापारी तयार नसत. मी तयार होतो. माल स्वस्तात उचलायचा आणि बोलून विकायचा, हे मला येतं. दुकानात आवाज चढवायला मी लाजत नाही. निकमांशी घासाघीस करायची तर जेवून जा, असं बाजारात म्हणतात.

बाईंशी घासाघीस करता येत नसे, हा माझा पहिला राग.

त्या केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. धान्याचे नमुने तपासण्यात तीसेक वर्षं गेलेली. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या, लग्न केलेलं नाही, मुनिरकाच्या फ्लॅटमध्ये एकट्या. उंची बेताची, सुती साडी, पायात काचेच्या बाटलीसारख्या गडद हिरव्या कापडी चपला. पोतं उघडलं की त्या बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालत आणि तळातली मूठ काढत. वरचे दाणे त्यांनी कधी घेतले नाहीत. "वरचे दाणे पाहुण्यांसाठी असतात," त्या म्हणायच्या. ती मूठ त्या पिशवीतल्या छोट्या स्टीलच्या डब्यात टाकत, झाकण घट्ट लावत आणि डबा दुकानाबाहेर उन्हात, माझ्याच स्टुलावर ठेवून तासभर बसून राहत. चहा घेत नसत. तासाने झाकण जरासं उचलून नाक लावत. एकदाच. दुसऱ्यांदा नाही.

"दुसऱ्यांदा वास घेतला की माणूस स्वतःला समजावायला लागतो," हे त्यांचं म्हणणं.

दाणे आवडले तर पोत्याच्या तोंडाला त्या निळ्या दोऱ्याची एक गाठ मारत. नाही आवडले तर डबा रिकामा करून उठत. बस. ही गाठ त्यांनी कुणाला विकली नाही, कुणाकडून साधा पेढा घेतला नाही. पण कॉफी भाजणाऱ्यांची जी मंडळी होती, पंधरावीस जण, ती गाठ नसलेल्या पोत्याला हात लावत नसत.

ह्या मंडळींचे म्होरके तांबोळी. मराठीच, सोलापूरचे मुसलमान, कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहात नोकरीला. हसरा माणूस, सगळ्यांशी गोड. महिन्याच्या एका रविवारी सगळे त्यांच्या क्वार्टरमध्ये जमत, आपापले भाजलेले दाणे आणत, वाट्यांमध्ये जाडसर पूड घालून गरम पाणी ओतत आणि चमच्याने फुर्रकन ओढून चव घेत. बाहेरच्या माणसाला वाटावं, वीस जणांना एकदम सर्दी झाली आहे.

तिथे नवीन आलेला प्रत्येक जण गावाचं नाव घेऊन येई. कुणाला इथिओपियाच हवी, कुणाला फक्त चिकमगळूर. बाईंना हे खपत नसे. एकदा गुडगावच्या कंपनीतले एक साहेब आले. म्हणाले, "मॅडम, मैं तो सिर्फ इथिओपिया पीता हूँ." बाईंनी त्यांच्यापुढे तीन बशांत कच्चे दाणे ठेवले, नावं न सांगता. एका बशीत मलबारचे, ओल्या वाऱ्यावर ठेवून फुगवलेले, पिवळट. दुसरीत बारीक, वेडेवाकडे, सुक्या मेव्यासारखा वास येणारे. तिसरीत निळसर हिरवे, कोवळ्या मुगासारखे. साहेबांनी बराच वेळ हुंगलं आणि तिसरी बशी उचलली. "बिल्कुल यही."

"ही कोरापूट," बाई हिंदीत म्हणाल्या. "ओडिशा. तुमची इथिओपिया मधली. ती तुम्ही नाकाजवळून लगेच बाजूला केलीत."

साहेब हसले, पण परत आले नाहीत. माझं एक चांगलं गिऱ्हाईक गेलं. मी बाईंना म्हणालो, "त्यांना इथिओपिया घेऊ द्यायची होती ना, कुणाचं काय जात होतं?"

"त्यांचं नाक जात होतं," बाई म्हणाल्या. "आधी वास, मग गाव, मग भाव. उलटं केलं की नाक बंद होतं."

तांबोळी त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगत. बाईंच्या निरोपसमारंभाला ते हजर होते. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, शाल दिली, सामोसे वाटले. मग बाई आभार मानायला उभ्या राहिल्या. सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाल्या, "सामोसे कुणी खाऊ नका. तेल जुनं आहे." आणि खाली बसल्या. सामोसे साहेबांच्या मेहुण्याकडून आले होते.

ही गोष्ट ऐकून मी पोट धरून हसायचो. तोपर्यंत सामोसा मी नव्हतो.

कोरापूटला मी स्वतः गेलो. त्या तिसऱ्या बशीमुळेच गेलो. दोन बस आणि एका जीपमधून डोंगरात पोचलो. तिथे एक शेतकरी बाई आणि तिचा नवरा, उतारावर सावलीच्या झाडांखाली कॉफी. दाणे धुऊन, वाळवून, हाताने निवडलेले. मी आयुष्यात पहिल्यांदा भाव पाडला नाही. उलट त्यांना म्हणालो, तुमच्या गावाचं नाव मी दिल्लीत पोत्यावर लावीन, पुढच्या वर्षीचा मालही मीच नेईन. मला त्या वेळी काय झालं होतं मला माहीत नाही. स्वस्त देणारा निकम ही ओळख मला पुरे झाली होती, एवढंच. चांगलं देणारा निकम व्हायचं होतं. त्यासाठी त्या सहा पोत्यांना निळी गाठ लागायला हवी होती.

पोती नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली. त्याच आठवड्यात माझ्या गोदामाला रंग लागत होता. दोन पोती दुकानात ठेवली. चार ठेवायला जागा नव्हती म्हणून मागच्या खोलीत टाकली. चारच दिवस. त्या खोलीत माझा हिंग असतो.

बाईंनी पोती पाहण्याआधीच, चव सगळ्यांना कळावी म्हणून, रविवारच्या बैठकीसाठी तांबोळींना मी दाणे दिले ते त्या चारांतल्या एका पोत्यातले. हात मागे गेला तिथे जे पोतं आलं ते उघडलं. तांबोळींनी भाजून आणले. वीस वाट्या मांडल्या. त्या दिवशी अतिथिगृहात उतरलेले महाराष्ट्रातले दोन अधिकारीही आले होते. त्यांच्यापुढे मी कोरापूटचा डोंगर, ते नवराबायको, सगळं सांगितलं. रंगून सांगितलं. मंडळी चव घेत होती, माना हलवत होती. "वा निकमभाऊ," तांबोळी म्हणाले.

बाईंनी चमच्याने वाटीवर तरंगणारा पुडीचा थर मोडला, वाकल्या, चमचा खाली ठेवला.

"हिंग," त्या म्हणाल्या.

मग एकाने आपली वाटी परत हुंगली. मग दुसऱ्याने. बाईंनी म्हटल्यावर सगळ्यांना हिंग यायला लागला.

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "बाई, हिंग तुमच्या नाकात आहे. घरून आमटी खाऊन आला असाल."

"आमटी नव्हती. अंडं खाल्लं," त्या म्हणाल्या. मग त्या अधिकाऱ्यांकडे वळून, अगदी हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "दाणे चांगले होते. निकमांकडे येईपर्यंत."

मी तिथून उठून आलो. चपला घालताना मागे कुणीतरी हसल्याचं ऐकलं. कदाचित दुसऱ्याच कशाला हसले असतील.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच पद्धतीने तळातली मूठ काढली, डब्यात भरली, उन्हात ठेवली, तासाने झाकण उचललं. हिंग होता. चारही पोत्यांत. मग दुकानातली दोन पोती तपासली. तिथे नव्हता. कोवळा मूग, वाळलं गवत, आणखी काही नाही. म्हणजे बाईंचं बरोबर होतं. मी ते कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. ती चार पोती मी विकली नाहीत. माझं म्हणणं एवढंच होतं आणि आहे की त्यांनी मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. "निकम, जरा बाहेर या." चार शब्द. ते चार शब्द माझे त्यांच्याकडे राहिले.

आता मला एकच गोष्ट हवी होती. ज्या नाकाने माझा माल बाद केला, त्याच नाकाने उरलेली दोन पोती हुंगावीत आणि गाठ मारावी. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने काही होणार नव्हतं. मी वाट पाहिली. बाई आल्या नाहीत. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी तांबोळींना फोन केला तर म्हणाले, "मॅडम हल्ली कुठेच जात नाहीत, यार. थंडी आहे, धूर आहे." मी म्हटलं, कुठेच जात नाहीत की निकमांकडे जात नाहीत? मला खात्री होती, हा बहिष्कार आहे. गिऱ्हाइकं येत, पोत्याचं तोंड बघत, दोरा नाही हे बघत आणि "सोचके बताते हैं" म्हणून जात.

जानेवारीच्या बैठकीला बाई येणार असं कळलं. मी तीन डबे तयार केले. पहिल्यात कोरापूट, चांगल्या पोत्यातलं. दुसऱ्यात चिकमगळूर. तिसऱ्यात पुन्हा कोरापूट, पण हिंगाच्या खोलीतलं. आणि खात्री असावी म्हणून मी त्या डब्यात दोन दिवस हिंगाचा खडा ठेवून काढून घेतला. सर्दी झालेल्या माणसालाही यावा इतका वास. माझा हिशेब सोपा होता. बाई तिसरा डबा बाद करतील. मग मी सगळ्यांदेखत म्हणेन, बरोबर, हे त्या चार पोत्यांतलं. आता पहिल्याबद्दल बोला. मग त्यांना पहिल्याला चांगलं म्हणावंच लागेल.

त्या बारीक झाल्या होत्या. शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. मी डबे समोर ठेवले. "बाई, हे तीन सांगा." मंडळी दोन हात मागे उभी राहिली.

त्यांनी पहिला डबा उघडला. नाक लावलं. मग चार दाणे तळहातावर घेऊन उलटे केले, मधली रेघ पाहिली. "कोरापूट." दुसरा. पुन्हा तळहात. "चिकमगळूर." तिसरा डबा मी स्वतः उघडून त्यांच्यापुढे धरला. हिंग माझ्या डोळ्यांत गेला. बाईंनी वाकून वास घेतला, दाणे हातावर घेतले.

"हेही कोरापूट," त्या म्हणाल्या. "चांगलं निवडलंय."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचं नाक डब्यापासून चार बोटांवर होतं आणि चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. तेव्हा मला कळलं. दोन महिने मी ज्याला बहिष्कार म्हणत होतो ते हे होतं.

तांबोळी पुढे येत होते, त्यांना बघायचं होतं. आणखी एक पाऊल आणि त्यांना वास आला असता. मी ज्या क्षणासाठी आलो होतो तो माझ्या हातात होता, उघडा. मी झाकण लावलं. का लावलं ते मला विचारू नका. मी मालाची किंमत करू शकतो, त्या क्षणाची केली नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. तिन्ही बरोबर."

बाईंनी माझ्या झाकणावरच्या हाताकडे पाहिलं. मी घाईत लावलं होतं आणि घट्ट दाबून धरलं होतं. माल बघणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

"उघडा," त्या म्हणाल्या.

"राहू द्या, बाई."

"निकम, उघडा."

मी उघडलं नाही. त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, झाकण उचललं आणि तांबोळींपुढे धरला. "यात काय येतंय?"

तांबोळींनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. त्यांच्यासारख्या गोड माणसाला त्या वेळी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. "हिंग आहे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "बराच."

"मला आला नाही," बाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तोच हवापाण्याचा स्वर. "नोव्हेंबरात ताप आला तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. आज येईल असं वाटलं होतं. गावं सांगितली ती डोळ्यांनी. तेवढं कुणीही शिकतं. नोव्हेंबरनंतर मी गाठ मारलेली नाही आणि आता मारणार नाही." मग डबा मला परत दिला. "सामान घ्या तुमचं."

मी झाकण लावून त्यांना वाचवलं होतं. माझ्याकडे तेवढं एक देण्यासारखं होतं. बाईंनी तेही घेतलं नाही.

जिन्यात मी त्यांना गाठलं. त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मी म्हणालो, "माझ्या दोन चांगल्या पोत्यांचं काय? तुम्ही बाद केलं, आता तुम्हीच म्हणता नाक गेलं. मी कुणाकडे जाऊ?"

"तुम्हाला येतो ना वास? तुम्ही सांगा लोकांना."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"तोच तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या आणि आणखी दोन पायऱ्या उतरल्या. मग थांबल्या. "त्या रविवारी घरी गेले आणि मंगळवारी ताप चढला. मला शेवटचा आलेला वास तुमच्या हिंगाचा आहे, निकम. पेरूचा नाही, पावाचा नाही. सांगा, तक्रार कुणाची मोठी?"

मी तिथेच पायरीवर थांबलो, त्या उतरून गेल्या. बाजारात माझ्यावर अशी वेळ फार आलेली नाही.

एप्रिलमध्ये कळलं, बाई फ्लॅट सोडून नगरला बहिणीकडे कायमच्या चालल्या आहेत. तांबोळी म्हणाले, शनिवारी चारपाच जण जातोय, तुम्हीही चला. मी नको म्हणालो आणि गेलो. जाताना कोरापूटचे पावशेर दाणे घेतले. कशाला घेतले? रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

मुनिरकाच्या त्या घरात खोकी बांधून झाली होती. भिंतीवर तसबिरीच्या जागी पांढरे चौकोन. स्वयंपाकघरात फक्त शेगडी, लोखंडी कढई आणि लाकडी उलथनं शिल्लक. खिडकीच्या कट्ट्यावर निळ्या दोऱ्याचं रीळ पडलं होतं. मी पिशवी पुढे केली. बाईंनी ती उघडून दाणे त्यांच्या स्टीलच्या डब्यात ओतले, झाकण लावलं आणि खिडकीतल्या उन्हात ठेवलं. आम्ही खोक्यांवर बसून तासभर कसलंकसलं बोललो. मग त्यांनी डबा घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"काय येतंय?"

चारपाच जण बघत होते. त्यांतल्या दोघांनी त्याच सकाळी मला विचारलं होतं, निकमभाऊ, तुमची ती दोन पोती अजून आहेत का. मी झाकण उचललं. एकदाच वास घेतला.

"गवत," मी म्हणालो. "मूग थोडा. आणि पोतं. तागाचा वास धरायला लागलाय. जुने होत चाललेत दाणे."

तांबोळींनी मला कोपराने ढोसलं. "काय यार, स्वतःच्याच मालाला..."

बाई बरोबर म्हणाल्या नाहीत, शाब्बास म्हणाल्या नाहीत. डबा घेऊन शेगडीकडे गेल्या. तांबोळींना राहवलं नाही. कट्ट्यावरचं रीळ उचलून म्हणाले, "मॅडम, हा दोरा निकमभाऊंना देऊन टाका ना."

"दोरा बाजारात मिळतो, तांबोळी," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

मी मागितला नव्हता. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

कढई तापली. बाईंनी दाणे टाकले आणि उलथनं फिरवू लागल्या, चकलीच्या भाजणीसारखं, तळापासून. पूर्वी त्या कढईवर नाक आणून भाजत. आता मान कलती करून उजवा कान खाली धरला होता. दाणे पिवळे झाले, साल उडू लागली. कुणीतरी बोलायला लागलं तसं त्यांनी डावं बोट वर केलं. सगळे गप्प. लाह्यांसारखी तडतड सुरू झाली, वाढली, विरळ झाली. मला कढईतून वास येत होता: आधी ओल्या गवताचा, मग भाजलेल्या शेंगदाण्याचा, मग गूळ कडेला लागावा तसा. आणखी थोडं गेलं तर करपणार होतं. मी त्यांच्या मागे येऊन उभा राहिलो होतो, कधी उठलो ते कळलं नाही.

"उतरवा" म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी बाईंनी गॅस बंद केला.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरात तेव्हा एकही पोतं नव्हतं.